आई ‘ही’ होते आणि बाबा ‘दे’ होतात: इंग्रजी सर्वनामं परत परत चुकतात तेव्हा काय बघायचं

दरवर्षी तेच होतं. जूनमध्ये फळ्यावर तक्ता लिहायचा, आय म्हणजे मी, वी म्हणजे आम्ही, यू म्हणजे तू, ही म्हणजे तो, शी म्हणजे ती, इट म्हणजे ते, दे म्हणजे ते, पोरं चालीवर म्हणतात, आठ दिवसांत सगळ्यात मागं बसणारं पोरगंसुद्धा धडाधडा म्हणून दाखवतं, आणि मग गणपती येतात, चाचणी होते, आणि ‘आईबद्दल इंग्रजीत दोन वाक्यं सांग’ म्हणलं की ‘माय मदर इज इन द किचन. ही इज कुकिंग.’ दिवाळीच्या सुट्टीनंतर तर जूनपासूनचं सगळं पुसलं गेलंय असंच वाटतं.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मराठी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, 17 वर्षं झाली. आपल्याकडं 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे तिसरीत येईपर्यंत पोरानं दोन वर्षं हे शब्द ऐकलेले असतात, तरी चूक जात नाही, म्हणून आधी मी तक्ता अजून घोकून घ्यायचे, चुकलेलं वाक्य दहा वेळा लिहून आणायला सांगायचे. दहा वेळा लिहिलेली वही बरोबर असायची आणि बोलताना परत ‘ही इज कुकिंग’. मग एका वर्षी मी एक वेगळी वही केली, पोरं जे चुकीचं बोलतात ते जसंच्या तसं लिहायचं, दुरुस्त करायचं नाही, आणि त्याच्या खाली त्या पोराच्या डोक्यात त्या वेळी कुठलं मराठी वाक्य असेल ते लिहायचं. दोन महिन्यांत दिसायला लागलं की चुका कशाही होत नाहीत. पोरगं विसरलेलं नसतं, ते आपल्या मराठीला अगदी इमानदारीनं धरून चाललेलं असतं. आणि प्रत्येक चुकीखालचं मराठी वेगळं, म्हणून उपाय पण वेगळा लागतो, सगळ्यावर एकच तक्ता चालत नाही. खाली जे लिहितेय ते त्या वहीतलं आहे.

आधी कान तपासा

हे मला सगळ्यात उशिरा कळलं आणि खरं तर सगळ्यात आधी कळायला पाहिजे होतं. इंग्रजी सर्वनामं मराठी कानाला नवीन वाटतच नाहीत, ती आधीपासून ओळखीची असतात, फक्त अर्थ भलताच असतो. आपल्याकडं ‘ही’ म्हणजे जवळची बाई, मुलगी, ‘ही माझी आई’, ‘ही माझी ताई’. पोरगं जन्मल्यापासून ‘ही’ बाईमाणसासाठी ऐकत आलंय आणि आपण त्याला सांगतो की ‘ही’ म्हणजे तो. ते पाठ करेल, पण बोलायच्या घाईत कान जिंकतो. ‘मी’ तर त्याहून अवघड, कारण इंग्रजीत पण ‘मी’ (me) आहे आणि त्याचा अर्थ पण बोलणारा माणूसच, फक्त वाक्यातली जागा वेगळी, म्हणून ‘मी गो टू स्कूल’ येतं. ‘आय’ म्हणजे आमच्याकडं खेड्यात आजही कित्येक घरांत आई. ‘दे’ म्हणजे द्यायला सांगणं. आणि ‘शी’ म्हणलं की पहिलीची पोरं नाक धरून हसतात, त्यात त्यांची चूक काही नाही, घरी ते शब्द त्याच अर्थानं आहेत.

म्हणून एक गोष्ट ताबडतोब बंद करा, पुस्तकात इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहून घेणं. पालक पण करतात, शिकवणीत पण करतात, हेतू चांगलाच असतो, पण एकदा का शब्दावर ‘ही’ असं मराठीत लिहिलं की पोरगं तो शब्द मराठी म्हणूनच वाचतं आणि आईला लावून मोकळं होतं. बाकी शब्दांवर लिहा हवं तर, कॅटवर लिहा, विंडोवर लिहा, या सात-आठ शब्दांवर नको. हे शब्द इंग्रजी अक्षरांच्या आकारानंच ओळखू देत.

दुसरं असं की या गोंधळाबद्दल पोरांशी सरळ बोला. मी पहिल्याच आठवड्यात विचारते, मराठीत ‘ही’ कुणाला म्हणतो? मुलीला. इंग्रजीत? मुलाला. उलटं आहे की नाही? आठ वर्षांच्या पोराला ही उलटी गंमत चांगली लक्षात राहते, आणि पुढं चुकला की मी नुसतं ‘मराठीतली ही का इंग्रजीतला ही?’ एवढंच विचारते, पोरगं स्वतःच दुरुस्त करतं. ‘शी’वर हसून घेऊ दे एकदा मनसोक्त, दाबायला गेलं की महिनाभर हसत बसतात.

जाता जाता, ‘पुरुषवाचक सर्वनाम’ हा शब्द खालच्या वर्गांत वापरूच नका. एका चौथीतल्या मुलीनं मला विचारलं होतं, बाई मग स्त्रीवाचक कुठली? तिनं बरोबरच विचारलं होतं, तिला पुरुष म्हणजे बाप्या एवढंच माहीत. मी आता ‘नावाच्या जागचे शब्द’ म्हणते, भागतं.

खुर्ची ‘शी’, पंखा ‘ही’

ही चूक सगळ्यांना माहीत आहे, तो पंखा म्हणून ‘ही’, ती खुर्ची म्हणून ‘शी’. नियम सांगायला सोपा, जिवंत नाही त्याला इट, आणि पोरांना तो पटतो पण लवकर. मी वर्गात फिरून वस्तूंना हात लावत जाते, फळा, खडू, पट्टी, दप्तर, डबा, आणि पोरांनी फक्त ‘इट’ म्हणायचं, मधेच एका पोराच्या डोक्यावर हात ठेवते, तिथं ‘ही’ आलं पाहिजे. पाच मिनिटांचा खेळ आहे.

पण तक्त्यातच एक खोट आहे ती बघा. ‘इट म्हणजे ते’ आणि ‘दे म्हणजे ते’, दोन्हीकडं ते. पोरानं काय समजायचं? मराठीतलं ‘ते’ तीन ठिकाणी बसतं, ते झाड, ते लोक, ते आमचे सर, आणि इंग्रजीत तिन्हीला वेगळा शब्द, इट, दे, ही. ‘ती’चं पण तसंच, ती मुलगी, ती खुर्ची, ती मुलं, आणि इंग्रजीत शी, इट, दे. म्हणजे एकास एक जोडीचा तक्ता मुळातच खोटं सांगतो. मी आता फळ्यावर शब्दाच्या जोड्या लिहीत नाही, चित्रं काढते, एक मुलगा, एक मुलगी, एक वस्तू, आणि खूप सारे. मराठी मधे न आणता चित्रावरून थेट शब्द. चित्र चांगलं यायची गरज नाही, दोन रेघांचा मुलगा आणि दोन वेण्यांची मुलगी पुरते.

गुराढोरांचं काय हा प्रश्न आमच्या भागात येतोच, कारण घरोघरी म्हैस आहे. पुस्तकी उत्तर इट. पण एक मुलगी आपल्या म्हशीबद्दल सांगत होती आणि ‘इट’ म्हणायला तयार नव्हती, ती म्हणाली तिला नाव आहे. मी तिला ‘शी’ म्हणू दिलं आणि ते इंग्रजीला धरूनच आहे, इंग्रज माणूस पण घरच्या कुत्र्या-मांजराला ही-शी म्हणतो. नाव ठेवलेलं जनावर असेल तर ही किंवा शी, रस्त्यावरचं अनोळखी असेल तर इट, एवढं पोरांना कळतं. परीक्षेत इट लिही म्हणून वेगळं सांगून ठेवते.

बाबा, सर आणि शाहू महाराज

ही चूक मला चूक म्हणायला जड जातं. ‘माय फादर इज अ फार्मर. दे वर्क इन द फील्ड.’ पोरगं घरी वडलांना अहो म्हणतं, बाबा आले, बाबा जेवले, सगळं अनेकवचनात. सर आले. बाई आल्या. मग ते इंग्रजीत एकेरी कसं म्हणेल? त्याच्या कानाला ‘ही’ म्हणजे ‘तो’, आणि बाबांना तो म्हणणं म्हणजे मार खायचं काम. काही पोरं तर अशा वाक्यात गप्पच बसतात, येत नाही म्हणून नाही, धजत नाहीत म्हणून. शांत बसलेलं पोरगं ‘ढ’ आहे असं समजायच्या आधी हे एकदा तपासा.

आमच्या शाळेत 26 जूनला शाहू जयंती असते, शाळा सुरू होऊन दहाबारा दिवसच झालेले असतात आणि दोघं-तिघं इंग्रजीत चार ओळी बोलतात. एका मुलानं सगळं ‘दे’ लावून म्हणलं होतं, आणि मी घरून तयारी करून आण म्हणून ‘ही’ लिहून दिलं तर आजोबांनी त्याला विचारलं की महाराजांना एकेरी कसं बोलतोस? आजोबांचं चुकलं नव्हतं. तेव्हापासून मी याचं उत्तर नीट द्यायला शिकले, पोराला पण आणि पालकांना पण.

उत्तर असं. इंग्रजीत ‘तो’ आणि ‘ते’ असे दोन दर्जेच नाहीत. एक माणूस असला की ही, मग तो राजा असो की शेजारचं पोरगं. त्यामुळं ‘ही’चं मराठी ‘तो’ असं एकट्यानं सांगायचंच नाही, ‘ही म्हणजे तो किंवा ते, पण माणूस एकच’ असं सांगायचं. मान सर्वनामात दिसत नाही, तो नावात आणि कामात दिसतो. ‘शाहू महाराज वॉज द किंग ऑफ कोल्हापूर. इन 1917 ही मेड प्रायमरी एज्युकेशन फ्री अँड कम्पल्सरी.’ ज्या माणसानं सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा हुकूम काढला त्याच्याबद्दल हे वाक्य बोलताना मान कमी कुठं होतो? असं आजोबांना समजावलं, त्यांना पटलं.

आणि 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती येते तेव्हा हाच धडा परत घ्यायला छान संधी मिळते. सावित्रीबाई एकट्या, म्हणून शी. जोतिराव एकटे, म्हणून ही. पण 1848 साली पुण्यात मुलींची शाळा दोघांनी मिळून काढली, म्हणून तिथं ‘दे स्टार्टेड अ स्कूल’. एकाच भाषणात तिन्ही शब्द येतात आणि ‘दे’ आदरासाठी नाही तर मोजणीसाठी आहे हे पोरांना डोळ्यासमोर दिसतं. मी बोटं वर करायला लावते, एक बोट असेल तर दे म्हणायचं नाही. बाबा किती? एक. मग दे नाही.

‘यू’चा गोंधळ याच घरातला आहे. मला यू म्हणायला पोरं बिचकतात, कारण तक्त्यात ‘यू म्हणजे तू’ लिहिलंय. मी त्यांना खरी गोष्ट सांगते, की इंग्रजीत पूर्वी ‘तू’साठी वेगळा शब्द होता, दाऊ, आणि यू हे अनेकांसाठी आणि मोठ्यांसाठी होतं, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. पुढं दाऊ रोजच्या बोलण्यातून गेला आणि सगळ्यांनाच यू लागलं. म्हणजे इंग्रजीत लहान पोराला पण तुम्हीच म्हणतात! हे ऐकून पोरं खूष होतात, आणि एकट्यासाठी सुद्धा ‘यू आर’च का, ‘यू इज’ का नाही, याचं उत्तर पण त्यातच मिळतं. तुम्ही आहात, म्हणून आर. वेगळा नियम पाठ करावा लागत नाही. आपण-आम्हीचा फरक मात्र इंग्रजीत नाहीच, दोन्ही वी, तिथं पोरं फारशी अडत नाहीत, मी पण थांबत नाही.

हिज की हर

सगळ्यात चिवट चूक ही. मुलीबद्दल बोलताना ‘हिज फादर’ आणि मुलाबद्दल बोलताना ‘हर मदर’. ही-शी पक्कं झालेली पोरं पण इथं घसरतात, पाचवीत घसरतात, मोठी माणसं पण घसरतात. आणि आपण म्हणतो, अरे मुलगी आहे ना, मग हर. पोराला पटत नाही, कारण त्याचं लक्ष मुलीकडं नसतंच.

मराठीत बघा. तिचा भाऊ, तिची बहीण, तिचं घर. मुलगी तीच आहे, पण शेपूट बदलतंय, चा, ची, चं, आणि ते बदलतंय भावाकडं, बहिणीकडं, घराकडं बघून. पोराच्या मराठी डोक्याला सवय आहे की या शब्दाचं लिंग पुढच्या नावावरून ठरतं. म्हणून ‘तिचे वडील’ म्हणताना त्याला वडील दिसतात, वडील बाप्या, म्हणून हिज. इंग्रजीत पुढच्या नावाकडं बघायचंच नाही, ज्याचं आहे त्याच्याकडं बघायचं.

यावर मी जे करते ते कुणीही करू शकतं, कात्री आणि जुन्या वहीचे पुठ्ठे लागतात. पट्ट्यांवर मोठ्या अक्षरात लिहायचं, तिचा, तिची, तिचं, त्याचा, त्याची, त्याचं. मग पोरांना कात्री द्यायची आणि शब्द मधून कापायला लावायचा. एक तुकडा ‘ति’, दुसरा तुकडा ‘चा’. आता सांगायचं, पहिला तुकडा मालकाचा, दुसरा तुकडा वस्तूचा. इंग्रजीनं फक्त मालकाचा तुकडा ठेवला. चा-ची-चंचे तुकडे सगळे एका डब्यात टाकून द्यायचे, टाकताना पोरांना मजा येते, आणि हातात जे उरतं त्यावरून शब्द सांगायचा, ‘ति’ उरलं तर हर, ‘त्या’ उरलं तर हिज. ‘त्यांचा’ची पट्टी पण करायची, कापल्यावर ‘त्यां’ उरतं, डोक्यावर टिंब दिसलं की देअर. त्यातही आदराचं ‘त्यांचा’ आलं, सरांचं, बाबांचं, तर वरचाच नियम, बोट एक का अनेक ते मोजायचं, एक असेल तर टिंब विसरायचं.

तीन दिवस रोज कापाकापी केली की पुढं कात्री लागत नाही, पोरगं चुकलं तर मी नुसती दोन बोटांची कात्री करून दाखवते आणि ते थांबून विचार करतं. मग खरी परीक्षा, मुद्दाम उलटी जोडी द्यायची, मुलगी आणि तिचा भाऊ, मुलगा आणि त्याची आजी. पुस्तकातल्या रिकाम्या जागांत बहुतेक वेळा ही अडचण येतच नाही, ‘हिज कॅप’, ‘हर डॉल’, त्यात टोपी-बाहुली म्हणजे काही खरा बाप्या किंवा बाई नाही, म्हणून तिथं पैकीच्या पैकी मार्क पडतात आणि बोलताना चूक राहते. आपली वाक्यं आपणच बनवा.

याच घरातला ‘आपला’ पण एकदा बघून घ्या. ‘मुलानं आपलं दप्तर उचललं’ याचं पोरं ‘अवर बॅग’ करतात. मराठीत तो ‘आपलं’ कुणालाही बसतो, मी आपलं, तू आपलं, तिनं आपलं. मी एवढंच विचारते, कुणाचं दप्तर? त्याचं. मग काप.

रिकामी खुर्ची

‘काय करतोयस?’ ‘जेवतोय.’ मराठीत एवढंच पुरतं, मी म्हणायची गरज नाही, मुलगा बोलतोय हे पण ‘जेवतोय’मध्येच आलं. इंग्रजीत पोरगं त्याच सवयीनं ‘ईटिंग’ म्हणतं नाहीतर ‘इज ईटिंग’. मराठीत क्रियापद एवढं सांगतं, जातो, जाते, जातोस, जाशील, की सर्वनाम नसलं तरी चालतं, आणि म्हणूनच पोरांना ते शब्द बिनमहत्त्वाचे वाटतात, असले काय नसले काय. इंग्रजीत ‘गोज’वरून मुलगा की मुलगी काहीच कळत नाही, ते सगळं ओझं ही-शीवर आहे. हे एकदा पोरांना दाखवून द्यावं लागतं. (आमच्या कोल्हापूरच्या मुली घरी ‘मी जातो, मी आलो’ असंच बोलतात, बाहेरच्यांना नवल वाटतं, पण ‘आय’ मुलगा-मुलगी दोघांना एकच का हे त्यांना समजवावं लागत नाही, त्यांचा ‘जातो’ आधीच दोघांचा आहे.)

उपाय खुर्चीचा. वर्गात पुढं तीन खुर्च्या मांडते, पहिल्या खुर्चीत ‘कोण’ बसणार, दुसऱ्या खुर्चीत इज किंवा आर बसणार, तिसरीत काम बसणार. पोरं गळ्यात शब्दाच्या पाट्या घालून बसतात. पहिली खुर्ची कधीच रिकामी ठेवायची नाही हा नियम. ‘इज ईटिंग’ म्हणलं की वर्गच ओरडतो, खुर्ची रिकामी! आणि पाऊस पडतो तेव्हा? कोण पाडतंय? कुणीच नाही. तरी खुर्ची रिकामी चालत नाही, म्हणून इटला बसवायचं, ‘इट इज रेनिंग’. पाच वाजले, थंडी आहे, अंधार झाला, सगळीकडं इट येऊन बसतो. इट म्हणजे फक्त ‘ते’ असं शिकवलेलं पोरगं इथं अडतं, खुर्ची शिकलेलं अडत नाही.

उलटी चूक पण खुर्चीनंच जाते, ‘माय फादर ही इज अ फार्मर’. एका खुर्चीत दोघं बसवले की ढकलाढकली होते, एकानं उठायचं.

मला, तुला, माझ्याकडं

मला आंबा आवडतो, मला भूक लागली, मला ताप आहे, मला माहीत आहे, माझ्याकडं पेन आहे. या सगळ्या वाक्यांत मराठीत मी पुढं नाहीच, मला आहे, आणि पोरगं ‘मला’चं शब्दशः करायला जातं, ‘मी लाइक मँगो’, ‘मी इज फीवर’, ‘माय नियर पेन इज’. इथं समजावून सांगण्यात मी वेळ घालवत नाही. कर्ता-कर्म तिसरीत कुणाला कळणार? ही सात-आठ वाक्यं मी अख्खीच्या अख्खी देते, गाण्याच्या ओळीसारखी, ‘आय लाइक’, ‘आय वॉन्ट’, ‘आय नो’, ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव फीवर’, ‘आय हॅव अ पेन’, आणि रोजच्या कामात वापरायला लावते. खिचडीच्या सुट्टीआधी ‘आय ॲम हंग्री’ म्हणल्याशिवाय ताटं घ्यायला जायचं नाही, पाणी प्यायला जाताना ‘आय ॲम थर्स्टी’. दिवाळीपर्यंत घट्ट होतात आणि एवढी घट्ट झाली की बाकीची त्यांच्या मागनं येतात.

‘मी’ची, म्हणजे इंग्रजी मीची, जागा मात्र दाखवावी लागते. ती मी गिव्ह, हेल्प, टेल यांच्या मागं दाखवते, ‘गिव्ह मी’, ‘हेल्प मी’. खडू हातात धरून बसायचं, ‘गिव्ह मी चॉक’ म्हणल्याशिवाय द्यायचा नाही. पुढं आय, मागं मी. सुरुवातीच्या पोरांना एवढंच पुरे.

आय आणि यूची अदलाबदल

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्यांसाठी हे. ‘आर यू हॅपी?’ ‘येस, यू आर हॅपी.’ पोरगं ऐकलेलं परत म्हणतं. ही चूक मराठीतनं आलेली नाही, आय-यू हे शब्दच असे आहेत की बोलणारा बदलला की माणूस बदलतो, आणि ते चित्रातनं कधीच शिकवता येत नाही. चित्रातलं बोट दाखवून ही-शी येतं, आय-यूला जिवंत माणसं लागतात. शिवाय शिक्षक एकटाच विचारणार आणि पोरं एकटीच उत्तर देणार असं असलं तर पोरांच्या तोंडी ‘यू’ कधी येणारच नाही. म्हणून तिघांचा गोल करते, पहिला स्वतःच्या छातीवर हात ठेवून आय म्हणतो, समोरच्याकडं हात करून यू, तिसऱ्याकडं बोट करून ही किंवा शी, मग दुसऱ्याची पाळी. हात स्वतःच्या छातीवर गेल्याशिवाय आय म्हणायचं नाही. दहा दिवस परिपाठानंतर पाच मिनिटं एवढंच केलं की पुरतं.

परत चुकायला लागलं तर

चुकणारच, दिवाळीनंतर आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर हमखास. तेव्हा तक्ता परत काढू नका. वर्गातल्या पाच-सहा पोरांना ‘काल घरी काय झालं’ हे इंग्रजीत जमेल तसं सांगू द्या, त्यात आई पण पाहिजे, बाबा पण, एखादी वस्तू पण, मधे तोडू नका, फक्त कुठली चूक आली ते लिहून घ्या. आईला ही आलं तर कानाचा प्रश्न आहे. बाबांना दे आलं तर मोजणीचा. तिच्या भावाला हिज आलं तर कात्री. वाक्य कर्त्याशिवाय सुरू झालं तर खुर्ची. दोन-तीनच गोष्टी घसरलेल्या असतात, आणि त्या आठवड्यात तेवढ्याच घ्यायच्या. पोरगं बोलून संपलं की त्याचंच वाक्य आपण बरोबर करून म्हणायचं, ‘ओह, शी वॉज कुकिंग?’, ते मान हलवतं आणि पुढच्या वाक्यात बहुतेक वेळा स्वतःच शी म्हणतं.

एकच गोष्ट माझ्याकडं बरेच दिवस अडून होती. त्याला म्हणजे हिम आणि त्याचं म्हणजे हिज, मुलाचे दोन शब्द वेगळे, पण तिला म्हणजे पण हर आणि तिचं म्हणजे पण हर. पोरं दुसरा शब्द शोधत बसायची, कुणी ‘शीज’ म्हणायचं, कुणी ‘हर्स’. ते सोडवलं चौथीतल्या एका मुलानं. मी फळ्यावर चारही लिहून दोनदा तेच का म्हणून विचारत होते, आणि तो मागनं ओरडला, बाई, मुलाला हिम-हिज आणि मुलीला हर हर, महादेव! सगळा वर्ग महादेव म्हणून ओरडला. आता दरवर्षी मी तसंच शिकवते, तिला हर, तिचं हर, हर हर, आणि त्याच आठवड्यात एका मुलीनं न अडखळता सांगितलं, ‘आय सॉ हर इन द बाजार. हर बॅग वॉज रेड.’